दोन जावांचं गिऱ्हाईक

मला 'नाही' म्हणता येत नाही. हा आमच्या क्लातेन गावाकडचा जुना रोग आहे. आमच्याकडे चहात साखरेऐवजी चुकून मीठ पडलं तरी पाहुणा कप संपवतो, वर "छान झालाय" म्हणतो, आणि मग यजमानीण आग्रहानं दुसरा कप आणते. जकार्तात येऊन मला वीस वर्षं झाली. रावामांगुनच्या बाजारामागे माझी रबरी शिक्क्यांची टपरी आहे. दिवसभर लोकांना 'मंजूर', 'नामंजूर', 'रद्द' असले शिक्के कोरून देतो, पण माझ्या स्वतःच्या तोंडात त्यातला पहिलाच आहे.

तेगल गावाकडची माणसं याच्या अगदी उलट. ती बोलायला लागली की भांडताहेत असं वाटतं आणि भांडायला लागली की आपण टपरी बंद करून निघावं असं वाटतं. माझ्या दुर्दैवानं, किंवा सुदैवानं म्हणा, माझ्या टपरीसमोरची खानावळ तेगलच्याच एका कुटुंबाची. निळी पाटी, काचेचं लांब कपाट, त्यात पंधरा-सोळा थाळे, आणि कपाटासमोर एक बाकडं. बाकड्यावर बसायचं, काचेवर बोट ठेवत "हे, ते, आणि ते थोडंसं" म्हणायचं, की भातावर एकेक येऊन पडतं. जुनी गिऱ्हाईकं बोटही ठेवत नाहीत. नुसतं "नेहमीचं" म्हणतात. एका शब्दात जेवण समोर येतं, याचा मला फार अभिमान होता.

खानावळ दोन जावांची. थोरली कुस्नियाह, धाकटी रास्मिनी. चार महिने एक जाऊ नवऱ्याला घेऊन जकार्तात काचेमागे उभी, तेव्हा दुसरी गावी कांदे लावते. चार महिने झाले की अदलाबदल. भांडी तीच, बाकडं तेच, गिऱ्हाईकंही तीच, चव मात्र रातोरात बदलते. दोघींचं एकमेकींशी धड बोलणं नव्हतं. भात शिजवायच्या मोठ्या भांड्याला कोणाच्या कारकिर्दीत चीर गेली, यावरून काही वर्षांपूर्वी बिनसलं होतं ते बिनसलंच. बदलीच्या दिवशी नवरे पळ्या आणि गॅसच्या टाक्या ताब्यात देत-घेत, बायका तोंडं फिरवून उभ्या राहत. गिऱ्हाईकांबद्दल तर चकार शब्द नाही. आणि त्यावरच माझं सगळं बरं चाललं होतं.

रास्मिनीबरोबर तिची धाकटी बहीण यायची, तार्वी. वय छत्तीस. नवरा आठ वर्षांपूर्वी बाताम बेटावर नोकरीसाठी गेला आणि तिकडे दुसरा संसार थाटून बसला, एवढं सगळ्या गल्लीला माहीत होतं. ती बोलायची कमी, पण बघायची सरळ. समोरच्यानं काय म्हटलं त्यापेक्षा त्याला काय म्हणायचं होतं ते शोधत असल्यासारखी. मी पहिल्या दिवशी बाकड्यावर बसलो तेव्हा तिनं विचारलं, कुठले? मी म्हटलं, क्लातेनचा.

"म्हणजे गोड खाणारे," ती म्हणाली आणि गुळाच्या पाकात घोळलेल्या टेम्प्याची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या तुकड्यांची, पळी माझ्या भातावर उपडी केली.

मला लहानपणापासून गोड चालत नाही. क्लातेनमध्ये जन्मून गोड न आवडणं म्हणजे कोळ्यानं मासे न खाण्यासारखं आहे, पण आहे ते असं आहे. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "छान झालंय." झालं. माझं नेहमीचं ठरलं. गोड टेम्पे, गोड रश्श्यातलं अंडं, आणि वर रास्मिनीच्या हातचं पालकाचं पातळ सार.

तिसऱ्या दिवशी तार्वीनं नाक मुरडत, पण नावाआधी अदबीचं 'मास' लावून विचारलं, "मास मार्गोनो, तुम्ही जेंगकोल खाता?"

आता जेंगकोल म्हणजे माझा जीव. चपट्या मऊ बिया, मटण बाजूला सारून खाव्यात अशा. मात्र खाणाऱ्याच्या तोंडाला जो वास येतो तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामाला असतो आणि बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. पण तिनं नाक मुरडलं होतं. मी ते नाक पाहिलं आणि म्हणालो, "छे छे. मला तर त्याचा वासही सहन होत नाही."

ती "अस्सं" म्हणाली आणि काच पुसायला लागली. दुसऱ्या दिवसापासून रास्मिनीच्या कपाटातला जेंगकोलचा थाळा गेला. मला वाटलं, बाजी मारली.

कुस्नियाहच्या कारकिर्दीत असले प्रश्न नव्हते. ती कोणालाच काही विचारत नसे, तुम्ही बोट ठेवा आणि ती वाढेल. मी पहिल्याच दिवशी जेंगकोलवर बोट ठेवलं, मग सांबलवर, म्हणजे लाल मिरच्यांच्या ठेच्यावर, मग तळलेल्या खाऱ्या माशावर, आणि दोनदा जास्तीचा भात घेतला. तिच्याकडे ते माझं नेहमीचं झालं. जेंगकोल ती स्वतःच्या हातचं म्हणून मिरवायची. आठ दिवसांतून एकदा हमखास विचारायची की माझ्या जावेच्या हातचं बरं की माझं? मी आदरानं बाई म्हणावं तसं म्हणायचो, "बू, तुमच्या हाताला तोड नाही." चार महिन्यांनी रास्मिनी हाच प्रश्न विचारायची आणि तिलाही हेच उत्तर मिळायचं. दोघी खूश, मी खूश. बदलीचा दिवस आला की मी खोलीवर शेवया उकळून खायचो आणि त्या बाजूला फिरकायचो नाही.

अशी दोन वर्षं गेली. चार महिने जेंगकोल आणि तार्वी नाही, चार महिने तार्वी आणि जेंगकोल नाही. दुसरे चार महिने मला जास्त प्रिय होते, यावरून काय ते समजा.

शेवटी गेल्या खेपेला त्या गावी निघायच्या आदल्या आठवड्यात मी रास्मिनीजवळ विषय काढला. काढला म्हणजे, सोमवारी हवेबद्दल बोललो, मंगळवारी उकाड्याबद्दल, बुधवारी माणसाला सावलीची कशी गरज असते याबद्दल. गुरुवारी ती म्हणाली, "तुम्ही माझ्या बहिणीला मागणी घालताय की छत्री मागताय?"

मी मान खाली घालून म्हणालो, छत्री नको. ती हसली नाही. म्हणाली, गावी आईला विचारते, परत आले की उत्तर देईन. आणि त्या गेल्या.

त्या चार महिन्यांत मी जितकं जेंगकोल खाल्लं तितकं उभ्या आयुष्यात खाल्लं नसेन. माणसं दुःखात दारू पितात. माझ्या टपरीवर गिऱ्हाईकं शिक्क्याचा कागद हात लांब करून द्यायला लागली.

कुस्नियाह सांगत होती, बदली शुक्रवारी आहे. मी गुरुवारपासून तोंड स्वच्छ ठेवायचं, शुक्रवारी खोलीवर जेवायचं आणि शनिवारी न्हाऊन-धुऊन जायचं, असा बेत आखला होता. पण त्यांच्या शेजाऱ्याचा कांद्याचा ट्रक जकार्ताला निघाला आणि रास्मिनी, तिचा नवरा आणि तार्वी बुधवारी पहाटेच त्यावर बसून आले. मला कुठून कळणार? बुधवारी दुपारी एका सोसायटीचा शिक्का उलटा उमटला म्हणून मी वैतागलेला होतो. त्याच तंद्रीत बाकड्यावर बसलो आणि खाली बघूनच म्हणालो, "नेहमीचं."

पळीचा आवाज दोनदा आला. मान वर केली तर काचेमागे दोन जावा उभ्या. दोघींच्या हातांत ताट, दोघींनी एकाच वेळी भात घातलेला. एका ताटात गोड टेम्पे पडलं, दुसऱ्यात जेंगकोल. एकात गोड अंडं, दुसऱ्यात सांबल. मग दोन्ही ताटं काचेवरून माझ्यासमोर उतरली, एकाला एक लागून.

माझ्या शेजारी बसलेला पंक्चरवाला जेवायचं थांबला.

"हे काय आहे?" रास्मिनीनं जावेला विचारलं. माझ्या माहितीत ते त्यांचं कित्येक वर्षांतलं पहिलं बोलणं.

"यांचं नेहमीचं."

"यांचं नेहमीचं हे आहे. यांना जेंगकोलचा वास सहन होत नाही. यांच्यापायी दोन वर्षं मी ते कपाटात ठेवलं नाही."

"सहन होत नाही?" कुस्नियाह म्हणाली. "काल तीन वेळा घेतलं. तिसऱ्यांदा थाळा पुसून घेतला."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही ताटांकडे पाहिलं आणि म्हणालो, "दोन्ही छान दिसतंय." यापेक्षा वाईट वाक्य मला त्या क्षणी सुचणं शक्य नव्हतं.

मग रास्मिनीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तो तेगलच्या बोलीत होता आणि सगळा इथे देण्यासारखा नाही. सारांश असा की तिनं गावी जाऊन आईपाशी माझी तारीफ केली होती. माणूस साधा आहे, ताटात पडेल ते खातो, दोन वर्षांत एक तक्रार नाही. त्याच एका गोष्टीवर म्हातारीनं होकार दिला होता. म्हणजे मला होकार मिळाला होता आणि तो माझ्या कानावर पडायच्या आत परतही चालला होता.

"आणि तू," रास्मिनी जावेकडे वळली, "तूच लावलास याला हा नाद. वासानं गल्ली घाण करतेस, माझं गिऱ्हाईक बिघडवतेस."

"मी?" कुस्नियाहनं पळी आपटली. "मला जेंगकोल करताही येत नाही. गावाहून बसनं डबा येतो. तुझ्याच बहिणीच्या हातचं आहे ते. आईच्या घरी बसून करते आणि मला पाठवते. तिला विचार."

मागच्या मोरीत भांडी घासायचा आवाज होता, तो एकदम थांबला. तार्वी हात पुसत पुढे आली. चार महिन्यांनी मी तिला बघत होतो आणि माझ्यासमोर तिच्याच हातचं जेंगकोल होतं. दोन वर्षं मी तिच्याच हातचं खात होतो, ती नसताना. मला हसावं की उठून पळावं ते कळेना.

"तुम्ही तर म्हणाला होतात, वास सहन होत नाही," ती म्हणाली.

"तुम्ही नाक मुरडलं होतंत."

"मला शिंक येत होती."

पंक्चरवाल्याला ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही, कारण तिलाही आलं नव्हतं.

ती काचेच्या पलीकडे उभी राहिली आणि हळू आवाजात बोलायला लागली. तेगलचं माणूस हळू बोललं की जास्त भीती वाटते. "माझा नवराही ताटात पडेल ते खायचा. सहा वर्षं 'छान झालंय' म्हणाला. मग बातामहून तलाकचं पत्र आलं. त्याला माझं काहीच कधी आवडलं नव्हतं, हे मला त्या पत्रातून कळलं. ताईनं आईला तुमचं कौतुक सांगितलं तेव्हा आई खूश झाली. मी गप्प बसले."

मग ती गोड टेम्प्याच्या ताटावर बोट ठेवून म्हणाली, "हे कसं असतं?"

मला कळलं की आता इथे 'छान' म्हटलं तर संपलं. पण रास्मिनी तिथेच उभी होती, कमरेवर हात ठेवून. खरं बोलावं तर रास्मिनी जाते, खोटं बोलावं तर तार्वी जाते. मी पाण्याचा ग्लास उचलला, तो रिकामा होता, परत ठेवला.

"गोड," मी म्हणालो. "फार गोड. पहिल्या दिवशी खोलीवर जाऊन मी वर दोन मिरच्या चावून खाल्ल्या."

"आणि अंडं?"

"तेही गोड."

"आणि सार?"

सार तर खास रास्मिनीचं होतं. मी तिच्या कमरेवरच्या हातांकडे पाहिलं. "पाणी आहे," मी म्हणालो. "त्यात पालक पोहतो."

रास्मिनीनं माझ्यासमोरचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. दोन वर्षं वाटी चाटूनपुसून खाल्ली, ती म्हणाली, दोन वर्षं. कुस्नियाहला इतका आनंद झाला होता की तिनं काचेवर हात टेकून मान डोलावली. मग तिलाही मोह आवरला नाही. जेंगकोल सोडा, माझं बाकीचं कसं असतं तेही सांगा, म्हणाली. तिच्या मते हा सत्कार होता.

पण एकदा बूच निघालं की मला थांबता येईना. "बू, तुमचा खारा मासा दोन-दोन दिवस तोच परत तळलेला असतो," मी म्हणालो. "आणि सांबलमध्ये महिनाअखेर आली की टोमॅटो वाढतो."

"वाढतो," पंक्चरवाला म्हणाला.

कुस्नियाहनं दुसरं ताट उचललं. पंक्चरवाल्याचंही उचललं, त्याचं अर्धं जेवण व्हायचं होतं. रास्मिनी म्हणाली, माझ्या कारकिर्दीत या माणसाला भाताचं शीत मिळणार नाही. कुस्नियाह म्हणाली, माझ्याही. दोघी जावा शेजारी शेजारी उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या आणि त्या भांड्याच्या चिरेनंतर प्रथमच त्यांचं एकमत झालं होतं. मी एका दुपारी दोन्ही चुली घालवल्या होत्या. म्हातारीचा होकारही आता रास्मिनीच्या हातात होता, आणि रास्मिनीचा चेहरा मला दिसत होता.

"थांब ताई," तार्वी म्हणाली. "माझं राहिलं." तिनं माझ्याकडे पाहिलं. "माझं जेंगकोल कसं असतं?"

इथे तरी 'छान' म्हणायला काय हरकत होती? ते खरंही होतं, जवळजवळ. शब्द जिभेवर आला होता. पण ती बघत होती, तिच्या त्या नेहमीच्या नजरेनं, आणि मला वाटलं, हिला अर्धवट खरं देऊन आपण कुठे जाणार आहोत?

"दोन वर्षं मी त्याच्यावर जगलो," मी म्हणालो. "पण शेवटचे दोन डबे कडक होते. बिया नीट शिजलेल्या नव्हत्या. घाई केलीत."

रास्मिनीनं कपाळाला हात लावला. कुस्नियाह काहीतरी पुटपुटली. तार्वीनं मागचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली, उभं राहून दमल्यासारखी.

"घाई नव्हती," ती म्हणाली. "आईनं तेव्हाच विचारलं होतं. चुलीपुढे बसायचे, आणि हो म्हणावं की नाही याचाच विचार करत बसायचे. जाळ विझलेलाही कळायचा नाही." तिनं हातातलं फडकं घडी घालून मांडीवर ठेवलं. "कडक झालंय हे मला माहीत होतं. तरी पाठवलं. कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, खाणाऱ्याला कळतच नाही."

"कळलं होतं," मी म्हणालो.

"मग?" रास्मिनी बहिणीला म्हणाली. ती अजून रागातच होती. "आता आईला काय कळवू? होकार की नकार?"

"आईचा होकार होता, ताई. माझा नव्हता." तार्वी माझ्याकडे न बघता म्हणाली. "आता आहे."

मी बाकड्याची कड धरली. मला रडू आलं, सरळ, सगळ्यांच्या समोर, त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला येऊ नये तसं. पंक्चरवाला वाकून बघायला लागला. मी डोळे पुसत त्याला म्हणालो, काही नाही हो, सांबल जरा तिखट आहे.

"कुठलं सांबल?" तो म्हणाला. "दोन्ही ताटं तर उचलून नेली."

तार्वीनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "रडतोय."